धोंडू, तो गूळ आमच्या घरचा होता

धोंडू, तू मंगळवारी गेलास आणि तुझा डबा बुधवारी आला.

पोलादपूरच्या स्टँडवरच्या हॉटेलवाल्याने तो नेहमीसारखा महाडच्या गाडीत चढवला, कंडक्टरने नेहमीसारखा शाळेच्या शिपायाकडे दिला आणि मधल्या सुट्टीत तो माझ्या टेबलावर येऊन बसला. सोमवारी संध्याकाळी तू स्वतः तो हॉटेलात ठेवून गेला होतास. मंगळवारी सकाळी शेत भाजायच्या राबासाठी फांद्या तोडताना तू ऐनाच्या झाडावरून खाली आलास. तुला घेऊन डोली दवाखान्याकडे गेली ती त्याच हॉटेलाच्या दारावरून. डबा पाठवणारा माणूस आता राहिला नाही, हे हॉटेलवाल्याला माहीत होतं. तरी सांगितलेलं काम त्याने केलं. मी त्याला नावं ठेवत नाही. मीही त्या दिवशी माझं काम केलं. डब्यावर हजेरीबुक ठेवलं, नववीच्या वर्गावर गेलो आणि प्राणवायू कसा तयार करतात ते दाखवलं. प्राणवायू व्यवस्थित तयार झाला.

लोक म्हणतात, मास्तर, एकदा मोकळे व्हा. नाही येत रडू, त्याला मी काय करू? पायाला मुंग्या आल्या की पाय दिसतो पण कळत नाही, तसं काहीसं झालं आहे. जेवतो, झोपतो, वह्या तपासतो. काल तुझं तेरावं झालं. आज शाळेतून आल्यावर हे लिहायला बसलो, कारण तुला सांगायची एक गोष्ट अडीच वर्षं माझ्याकडे पडून आहे.

ती शेवटी सांगेन म्हणत होतो. पण शेवटी सांगू, शेवटी सांगू करतच हे झालं. म्हणून आत्ताच सांगतो. त्या भादव्यात तुझ्या डब्यातलं पाणी लाल झालं ना, ज्याच्यावर तू वाडीभर नाचलास, त्यात गूळ होता. पेंढ्यातून निघालेला नव्हे, उसाचा. आमच्या घरचा.

आता पहिल्यापासून सांगतो. तुला सगळं ठाऊक आहे, पण मला ओळीने मांडल्याशिवाय काही सुचत नाही. मास्तरकीची खोड.

तू लढाईवरून आलास तेव्हा गावाला वाटलं, धोंडू आता बंदुकीच्या गोष्टी सांगेल. तू सांगितल्यास तंबूंच्या. ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर तू कोठारात होतास. तिथल्या पावसात तंबू सडायचे. नुसते सडायचे नाहीत, तू म्हणायचास, खाल्ले जायचे. हिरवट बुरशी धरली की पंधरा दिवसांत कापड हातात तुटायचं. तिथल्या कुणा साहेबाने तुला ती बुरशी भिंगातून दाखवली आणि सांगितलं, तू भात खातोस तशी ही कापूस खाते. बाकीचे शिपाई हसले आणि विसरले. तू ते एवढं वाक्य घेऊन पोलादपूरला उतरलास, उमरठच्या वाटेवरच्या तुमच्या वाडीत गेलास, बारा वर्षं भात नि नाचणी पिकवलीस आणि एके दिवशी माझ्या प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहिलास.

चौथीपर्यंत आपण एकाच सतरंजीवर बसलेलो. तरी चार माणसांत तू मला मास्तर म्हणायचास, आणि मग एकट्यातही तेच तुझ्या तोंडात बसलं. 

"मास्तर, भाताचा घास लय वेळ चावला तर गोड लागतो का नाय?"

"लागतो."

"का लागतो?"

मी सांगितलं, थुंकीत पाचक रस असतो, तो भाताची साखर करतो.

"मंग बुरशी कापूस खाते, पेंढा खाते. तिच्या तोंडात पन गोड होत असंल."

"बुरशीला तोंड नसतं, धोंडू."

"मंग तर बरंच हाय की! भायेरच्या भायेर गोड करत असंल. आपल्याला काढून घ्यायला सोपं."

मी तुला उंटावरचा शहाणा म्हटलं. तू म्हणालास, उंट नाय रे आपल्याकडं, रेड्यावरचा बोल. आपला वाद तिथे सुरू झाला.

मी तुला फळ्यावर काढून दाखवलं. भात काय, पेंढा काय, कापूस काय, सगळ्या साखरेच्याच माळा. पण भाताची माळ सैल ओवलेली, आपल्या थुंकीनेही तुटते. पेंढ्याची माळ घट्ट, एकीला एक चिकटून, वर लाखेसारखा लेप. ती तोडणं माणसाच्या पोटाला जमत नाही. गाईला जमतं तेही तिच्या पोटातल्या जंतूंमुळे. तू सगळं ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "म्हंजे साखर हाय तर खरी?" मी म्हटलं, आहे. "मंग झालं तर," म्हणालास, जणू उरलेलं काम म्हणजे कुलूप उघडण्याएवढं.

हे वेड तुला कशाचं लागलं होतं ते मला नंतर कळलं. तू कधी भाषण दिलं नाहीस. एकदा श्रावणात मी तुझ्याकडे आलो होतो. तू मला घरातली कणगी दाखवलीस, तळाला हात लागत होता. मग मागच्या अंगणात नेऊन पेंढ्याची उडवी दाखवलीस, माझ्याहून दुप्पट उंच. "श्रावणात ही रिकामी नि ती भरलेली," एवढंच बोललास. गुरांच्या तोंडचं तुला नकोच होतं. उडवीच्या बुडाला भिजून काळा पडलेला पेंढा आणि घरावरून उतरवलेला जुना, जो आपण उकिरड्यात टाकतो, तेवढाच तू मागत होतास. त्यानंतर मी तुला शहाणा म्हटलं ते चिडवायला नाही.

तुझी रीत अशी होती. पेंढा कापायचा, राखेच्या पाण्यात उकळायचा, धुऊन घ्यायचा, मग मडक्यात घालून त्यावर हिरवी बुरशी सोडायची. बुरशी आणलीस कुठून? वहिनीचं धडकं लुगडं पागोळीखाली ठेवून सडवलंस. ती मला सांगायची, "भावजी, लोकांचे नवरे लुगडं आनतात, आमचे कुजवतात." आठ-दहा दिवसांनी मडक्यातलं पाणी गाळून तू ॲल्युमिनियमच्या डब्यातून महाडला पाठवायचास आणि मी ते मोरचुदाच्या निळ्या पाण्याबरोबर तापवून बघायचो. साखर असली तर निळं जाऊन तळाला विटकरी लाल बसतं. नसली तर निळं ते निळंच.

निळं ते निळंच. पहिलं सगळं वर्ष तेच. तू बाजारच्या दिवशी यायचास, दारातूनच विचारायचास, "निळं?" मी मान हलवायचो. "बरं," म्हणायचास आणि वहिनीने सांगितलेलं तिखटमीठ आणायला निघून जायचास. मला तुझी कीव यायची. कधी कधी रागही यायचा, कारण तुझ्या त्या 'बरं'मध्ये निराशा औषधालाही नसायची.

आता डब्याचं. माझी बायको कुसुम डबा घासून परत पाठवायची, आणि दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही हे तिच्या आईने तिला शिकवलेलं. मूठभर तांदूळ, नाहीतर पोहे, काहीतरी घातल्याशिवाय तिने तो डबा कधी गाडीत दिला नाही. तुझ्याकडे राधावहिनी तो उघडायची, दाणे काढून घ्यायची, डबा धुऊन पालथा घालायची, तेव्हा तो तुझ्या हातात यायचा. दोन बायकांचा हा व्यवहार आपल्या दोघांच्या डोक्यावरून चालला होता. विज्ञान आपण करत होतो ना!

त्या भादव्यात वहिनी गौरीला माहेरी गेली होती. इकडे सणाचे दिवस म्हणून कुसुमने तांदळाऐवजी गुळाचा खडा घातला. डबा तुझ्याकडे आला. तुला घाई. गोठ्याच्या अंधारात झाकण काढलंस, गाळलेलं पाणी ओतलंस, झाकण लावलंस आणि परत पाठवलंस.

ते पाणी लाल झालं, धोंडू. असं लाल की मी परीक्षानळी खिडकीकडे धरून दोनदा पाहिली. मी धावत स्टँडवर गेलो, पोलादपूरच्या गाडीच्या ड्रायव्हरजवळ चिठ्ठी दिली. चिठ्ठीत एकच शब्द होता. दुसऱ्या दिवशी तू चालत महाडला आलास, गाडीची वाट बघायलाही थांबला नाहीस. आपण दोघांनी उरलेलं पाणी पुन्हा तापवलं. पुन्हा लाल. तू नळी हातात घेऊन म्हणालास, "मास्तर, उडवी भरलेली हाय रे." तुझे डोळे भरून आले होते. मी तुझ्या पाठीवर हात ठेवला. माझ्या आयुष्यातला तो फार चांगला दिवस होता आणि तो खोटा होता.

दसऱ्याला कुसुम आपट्याची पानं निवडत बसली होती. सहज म्हणाली, "राधावहिनींना गूळ कसा लागला, काही बोलल्या का? माहेरून आलेला होता, म्हणून मुद्दाम धाडला." मी विचारलं, कधी? म्हणाली, गौरीच्या वेळी, डब्यातून. मी म्हटलं, साखर घातली होतीस की गूळ? ती हसली. "सणासुदीला रेशनची साखर आपल्यालाच पुरत नाही. गूळच."

पांढरी साखर असती तर निळं पाणी तसं लाल झालं नसतं. एवढी एक पळवाट होती, तीही बंद झाली. गुळाने ते होतं. नववीच्या मुलांनाही मी ते शिकवतो.

मी तुला का सांगितलं नाही? तोपर्यंत तू वाडीला सांगून मोकळा झाला होतास. लोक तुला गुऱ्हाळवाला म्हणायला लागले होते. "काय रे धोंडू, काहील कवा चढवतस?" तू म्हणायचास, "चढवीन, तुजा पेंढा घेऊन ये." आणि मीही काही कमी नव्हतो. हेडमास्तरांना सांगितलं होतं, शिक्षकांच्या सभेत दहा मिनिटं बोललो होतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. लोकांपुढे तुझं हसं होईल म्हणून गप्प राहिलो, असं मी स्वतःला सांगत आलो. त्यात माझं हसं किती नि तुझं किती, ते मी कधी वेगळं करून पाहिलं नाही.

कुसुमला मात्र मी बजावलं, आजपासून डब्यात काही घालायचं नाही. ती म्हणाली, रिकामं भांडं कुणाच्या दारी पाठवू नये. मी ओरडलो. डबा रिकामा जाऊ लागला.

दोन-तीन महिन्यांनी तू बाजाराला आलास तो डोक्यावर गाठोडं घेऊन. आमच्या माजघरात ठेवलंस. पायलीभर तांदूळ होते. कुसुम आत गेल्यावर मला हळूच म्हणालास, "डब्यात दाणं येईनासं झालं, तवा राधा बोलली, मास्तरांकडं वढाताण दिसते. नाय म्हनू नको. आपलं घरचं हाय." त्या वेळी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. तू म्हणालास, "ऱ्हाऊ दे रे," आणि निघालास. ते तांदूळ आम्ही खाल्ले.

धोंडू, मी ते तांदूळ खाल्ले.

मग पुढचा भादवा. मधल्या सगळ्या डब्यांना निळं आलं होतं, आणि तू बसून विचार केला होतास. मीच तुला शिकवलं होतं की प्रयोग परत करायचा तर सगळं तसंच पाहिजे. तेव्हा तू सगळं तसंच केलंस. तोच महिना, तोच पेंढा, तेच मडकं, तोच डबा. आणि त्या वेळी वहिनी माहेरी होती, म्हणून तिलाही माहेरी धाडलंस! ती निघताना चिडून म्हणाली म्हणे, "नांदत्या बाईला घालवून गूळ करनारा मानूस या मुलखात दुसरा नाय." तू ही गोष्ट मला हसत हसत सांगितलीस. मी हसलो नाही. तुझ्या सगळ्या तर्कात तोच एक खरा होता. वहिनी घरात नव्हती म्हणूनच ते लाल झालं होतं. तू दारापर्यंत आला होतास, मी आतून कडी धरून बसलो होतो.

निळं आलं. त्याच्या पुढच्या भादव्यातही वहिनी गेली आणि निळं आलं. तोपर्यंत तुझ्या 'बरं'चा आवाज बदलला होता. तू म्हणालास, "माझ्या हाताचंच काय तरी चुकतंय. एकदा जमलं, मंग का जमंना?" दोन वर्षं तू स्वतःच्या हातांना दोष देत होतास. मी म्हटलं, हवेत फरक असेल. हवेत!

आणि मग दिवाळीनंतर तू आलास ते वेगळंच घेऊन. प्रयोगशाळेत शाळा सुटल्यावर बसलो होतो. तू म्हणालास, "मास्तर, मी भावकीतल्या लग्नाला गेलो व्हतो. आचाऱ्याकडं बघत बसलो. समजा, शिजवनारा आनी जेवनारा एकच असंल, तर पंगतीला वाढनार काय? बुरशी गोड करते नि आपुनच खाऊन टाकते. डबा म्हाडला पोचस्तवर काय ऱ्हातंय? सगळं फस्त. त्या भादव्यात बुरशी डब्यात मेली असंल, म्हनून उरलं."

बुरशी मेली होती वगैरे खोटं होतं. पण बाकीचं? बाकीचं बरोबर होतं. पाचक रस बुरशीच्या बाहेर येतो, हे मी वाचलेलं होतं आणि माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. तू चुकीच्या उत्तराला बरोबर ठरवायला बसलास आणि गणितच सोडवलंस.

"मंग काय करायचं?" मी विचारलं. तुझीच भाषा माझ्या तोंडात आली होती.

"बुरशी वाढवायची, मंग फडक्यातून दोनदा-तीनदा गाळून फेकायची. नुस्तं तिचं पानी घ्यायचं. त्यात दुसरा पेंढा टाकायचा, उकळून घेतलेला. नि चुलीच्या वैलापाशी उबेला ठेवायचं. आचारी भायेर काढला, त्याचा हात तेवढा आत ठेवला."

पहिले दोन डबे नासले. त्यात परत बुरशी धरली. तिसरा तू त्या सोमवारी हॉटेलात ठेवलास.

मी तो गुरुवारी सकाळी, शाळा भरण्याआधी उघडला. आणखी ठेवला तर त्यातही काहीतरी वाढेल आणि असलेलं खाऊन टाकेल, हे मला कळत होतं. घरातून निघताना कुसुमला विचारलं, मागच्या खेपेला डब्यात काय घातलं होतंस? ती माझ्याकडे बघत राहिली. "काही नाही. तुम्हीच बंद केलंत ना?" मग म्हणाली, "म्हणजे शेवटपर्यंत आपण त्यांना रिकामाच डबा पाठवत होतो." मी शाळेकडे निघालो.

आधी मी आमच्याकडचा पेंढा नुसत्या पाण्यात उकळून त्याचं पाणी तपासलं. निळं. मग तुझं घेतलं. बराच वेळ निळंच राहिलं. मी दिवा विझवायला हात पुढे केला होता. मग ते हिरवट झालं, मग पिवळसर, आणि नळी उभी करून ठेवल्यावर तळाला लाल गाळ बसला. त्या भादव्यासारखा नाही. नखावर मावेल एवढा. पुन्हा केलं, पुन्हा तेवढाच. तिसऱ्यांदा केलं. धोंडू, तो होता. वास घेतला तर कुजक्या पेंढ्याचाच येत होता.

घंटा झाली. मी नळ्या धुतल्या. कोणाला सांगायचं तेच मला सुचेना. स्टँडवर चिठ्ठी घेऊन धावण्यासारखं कोणी उरलं नव्हतं.

दहाव्याला नदीवर आम्ही सगळे उभे होतो. मनात राहिलं असेल तर कावळा शिवत नाही म्हणतात. मी मनात वाक्य जुळवून आलो होतो. कावळा अडला की पुढे होईन आणि सगळ्यांदेखत सांगेन, असं ठरवलं होतं. पिंड ठेवून लोक मागे सरले नाहीत तोच कावळा आला आणि घेऊन गेला. लोक म्हणाले, समाधानी माणूस होता. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. मी एकटाच चपला शोधत बसलो. तुझं काही राहिलं नव्हतं म्हणे. राहिलं होतं ते माझं, आणि त्यासाठी कावळा थांबत नाही.

त्या दिवसांत मी स्वतःसाठी एक विचार तयार केला. तो असा की, मी तेव्हाच सांगितलं असतं तर तू हे सगळं सोडून दिलं असतंस. खोटा का होईना, तो लाल रंग तू बघितलास म्हणून टिकलास, आणि टिकलास म्हणून खरा निघाला. म्हणजे माझ्या गप्प राहण्याने तुझं भलंच झालं. हा विचार मी रोज जरा घासूनपुसून घ्यायचो. तेराव्यापर्यंत तो बऱ्यापैकी चकचकीत झाला होता.

काल जेवणं उरकल्यावर मी मागच्या अंगणात गेलो. तुझी मडकी ओळीने पालथी होती. वहिनी तिथे आली. तिने मडक्यांकडे बघितलं, माझ्याकडे नाही.

"भावजी, त्या शेवटच्या डब्याचं काय झालं?"

"लाल झालं, वहिनी."

ती खाली बसली. म्हणाली, "किती?"

"थोडं. पण खरं."

तिने मान वर केली. "खरं म्हंजे? त्या टायमाचं खोटं व्हतं काय?"

मग मी सांगितलं. तिचं माहेर, गौरी, गुळाचा खडा, दसरा, तांदूळ, सगळं. ती मधे एकदाच बोलली, "डबा मी उघडला असता तर दिसलं असतं." मी म्हटलं, हो. मग मी माझा तो चकचकीत विचार तिच्यापुढे ठेवला. त्याने सोडून दिलं असतं, वहिनी. निराश झाला असता. म्हणून नाही बोललो.

वहिनी रागावली नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी एखाद्या मुलाकडे बघतो, ज्याचं गणित पहिल्या ओळीतच चुकलेलं असतं.

"सोडलं असतं? त्यांनी? भावजी, पयल्या वरसाला सगळंच निळं आलं, तवा सोडलं काय? तुमी बोलला असतात तर ते पोट धरून हसले असते. वाडीत सोताच सांगत फिरले असते, मास्तरनीच्या गुळानं मला फसवलं. नि मंग बसले असते इचार करत, का बरं उरत नाय म्हनून. दोन वरसं ते लाल का झालं त्याचाच इचार करत बसले. निळं का होतंय त्याचा करायला लागले दिवाळीला."

आतून कुणीतरी तिला हाक मारली. ती उठली, पदर सारखा केला.

"दोन वरसं आधी झालं असतं, भावजी. बघून गेले असते."

ती आत गेली. मी पोलादपूरपर्यंत चालत आलो, शेवटची गाडी मिळाली. तिचं म्हणणं मी सगळ्या बाजूंनी तपासून पाहिलं. ते बरोबर आहे. धोंडू, तू बघून गेला असतास.